खिडकीवरचं काळं अस्तर

आत्याने शिवणाच्या खोलीच्या खिडकीवर काळं अस्तर लावलं त्याला आठवडा होत आला होता. तेवढ्या दिवसांत गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक खिडकीवर काळं कापड लागलं, हे मात्र तिला रविवारी सकाळी कळलं. सांगायला भाऊच आला. निवडणूक जिंकून आलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"कोपऱ्यापर्यंत गेलंय, आत्या," तो म्हणाला. "बेकरीवाल्यानेसुद्धा लावलंय. तू तोंडातून ब्र न काढता अख्खी गल्ली उठवलीस."

हा तिचा धाकटा भाऊ, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. त्याचा मुलगा बोलायला लागल्यापासून घरातले सगळेच तिला आत्या म्हणायला लागले, त्यात तोही आला. ती तेव्हा एका कोटाच्या बाहीत हात घालून आतली शिवण चाचपत होती. तिने हात तसाच ठेवला आणि विचारलं, "मी काय उठवलं?"

मग एकेक बाहेर आलं. घराला लागून असलेली जुनी लाँड्री बंद पडून कित्येक वर्षं झाली होती. तिच्या मोकळ्या आवारात आता एका गृहनिर्माण संस्थेला पाच मजली इमारत बांधायची होती, लहान लहान घरांची, बेताच्या भाड्याची. नियम असा होता की बांधायच्या आधी संस्थेने इमारतीच्या उंचीचे खांब उभे करून त्यांना दोऱ्या ताणायच्या, म्हणजे आपलं कुठलं आकाश जाणार ते शेजाऱ्यांना डोळ्यांनी दिसेल, आणि मग सगळ्यांना बोलावून सुनावणी घ्यायची. खांब लागले त्या दिवशी आत्या कितीतरी वेळ खिडकीत उभी होती. तिच्या कापणीच्या टेबलावर पडणारं दुपारचं सगळं ऊन त्या दोऱ्यांच्या मागे जाणार, हे सांगायला कुणी नको होतं. दुसऱ्या दिवशी तिने तागा उलगडला आणि खिडकी झाकून टाकली.

भावाने ते दारातून पाहिलं. काही न विचारता तो आल्या पावली परत फिरला. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण या घरात एकमेकांची काळजी करायची ती गुपचूप, अशी जुनी खोड होती. तो थेट समोर घड्याळजींच्या दुकानात गेला. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, आणि इमारतीच्या विरोधातले पुढारी तेच. भावाने सांगितलं की बहिणीने निषेध म्हणून काळं लावलंय, जेवणावरून मन उडालंय तिचं. जेवणाचं तिखटमीठ त्याचं स्वतःचं होतं. आत्या त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवली होती.

आता आत्याला आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. आठवडाभर जो येई तो काळं अस्तर मागत होता. तागा संपला तेव्हा तिला वाटलं होतं, यंदा थंडी लवकर पडणार असं कुठेतरी छापून आलं असावं आणि लोक कोटाच्या तयारीला लागले असावेत. तिने मनातल्या मनात दोन मदतनीससुद्धा ठरवून टाकले होते.

"संध्याकाळी सुनावणीत तुला बोलायचंय," भाऊ म्हणाला. "घड्याळजींनी तुझं नाव सगळ्यांत शेवटी ठेवलंय. सगळे तुझ्यासाठी थांबतील." आणि तिने तोंड उघडायच्या आत तो ही बातमी पुढच्या घरी पोचवायला निघूनही गेला.

आत्या बाहीत हात घालून तशीच बसून राहिली. तिला हसू येत होतं. कारण त्या काळ्या कापडाचा अर्थ अगदी साधा होता आणि तो तिच्या धंद्यातला होता. भारी कापडाला कात्री लावायच्या आधी ती हलक्या कापडाचा कच्चा कपडा शिवून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायची. कुठे ओढतंय, कुठे झोळ पडतोय, हे अंगावर चढल्यावरच कळतं. वडिलांनी हेच शिकवलं होतं, आणि हेही की कच्चा कपडा अंगावर असेपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही, नाहीतर माणूस आपल्याला बरं वाटेल तेच बोलतो. तिने खिडकीवर अस्तर लावून ती इमारत अंगावर चढवून बघितली होती, एवढंच. त्या अंधारात काम जमतंय का, जीव रमतोय का, ते कळेपर्यंत तिला कुणाशी बोलायचं नव्हतं.

जेवताना सांगून टाकू, असं तिने ठरवलं. पण जेवताना भाचा आधी बोलला.

भाचा बस चालवायचा. त्याची बायको नर्स होती आणि तिला आता सातवा महिना लागला होता. दोघं वरच्या मजल्यावर, भाऊ आणि वहिनीच्याच खोलीत राहत होती. मध्ये एक कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या अलीकडे घोरणं आणि पलीकडे कुजबुज, असा संसार चाललेला. भांडायचं असलं की दोघं कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन भांडत आणि समेट करून घरी येत. घर शोधून शोधून त्यांचे जोडे झिजले होते. जे परवडायचं ते इतकं लांब, की पहिली बस काढायला तो आदल्या दिवशीच निघायला हवा. आणि जवळ जे होतं तिथे भाड्याचा आकडा ऐकून सूनबाई फक्त "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची.

"बदली मागितली होती, ती मिळतेय," भाचा ताटाकडे बघत म्हणाला. "दुसऱ्या शहरात. डेपोजवळच घर देतायत. उद्या हो की नाही ते कळवायचंय."

वहिनीच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. भाऊ म्हणाला की चांगलं आहे, पुढे जायलाच हवं, आम्ही येऊ की अधूनमधून. त्याने हे अशा आवाजात म्हटलं की कुणालाच पुढे जेवता येईना. दुसरं शहर म्हणजे आगगाडीचा अख्खा एक दिवस.

आत्या भाच्याकडे बघत राहिली. हा तिच्या टेबलाखाली रांगत मोठा झालेला. चिंध्यांच्या ढिगात झोपायचा आणि उठला की केसांत दोरे घेऊन बाहेर यायचा. "आणि शेजारची इमारत?" तिने विचारलं. "तिथे नाव घालणार होतात ना?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. उत्तर सूनबाईने दिलं. "खांब लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी हे धावतच घरी आले होते, तुम्हाला सांगायला. तर तुम्ही खिडकीवर काळं लावत होतात. मग ते तसेच वर आले."

"तुझा उजेड घेऊन मला घर नको, आत्या," भाचा म्हणाला.

"बरोबर बोलतोय तो," भाऊ म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्या खिडकीखाली बसून हिने मला शिकवलं, माझं लग्न लावलं, तुला शिकवलं. आपण सगळे त्या खिडकीच्या उजेडावर वाढलोय. आता हिच्या म्हातारपणी मी तो जाऊ देईन का? गल्लीशी वाकडं घ्यावं लागलं तरी चालेल."

"गल्लीशी कुठे वाकडं घेतलंय तुम्ही, गल्लीला तर डोक्यावर घेतलंय," वहिनी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले, कारण लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाताना तिला चारचौघांत कुणी पाहिलं नव्हतं. "मीही आत्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांचे उपकार काय आहेत, ते मला सांगू नका. पण मला नातवंड मांडीवर हवंय. फोनवर नको. त्या इमारतीत मिळत असेल तर ती इमारत होऊ दे, आणि आत्यांच्या सुईत दोरा मी ओवून देईन. रोज देईन. मरेपर्यंत देईन."

 भाचा म्हणाला, आई, असं बोलू नकोस. सूनबाई डोळे पुसत होती आणि त्याच हाताने आत्याला आणखी वाढत होती. आत्याच्या लक्षात आलं की या टेबलाभोवती जो तो काही ना काही सोडायला निघालाय, कुणी घर, कुणी नातवंड, कुणी अब्रू, आणि सगळं तिच्या नावाने. तिचा ऊर भरून आला. एवढी माया वाट्याला यावी असं आपण काय केलं, असं तिला खरोखर वाटलं. आणि त्याच वेळी हसूही आवरेना.

"अरे, माझं ऐकता का जरा?" ती म्हणाली. "ते काळं मी निषेधाचं लावलेलंच नाही. मी माप घेत होते."

मग तिने सगळं सांगितलं. भावाच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग हळूहळू रंग चढत कानापर्यंत गेला. "म्हणजे अख्खी गल्ली..." त्याने सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं. वहिनीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा ती रडतेय की हसतेय ते कुणाला कळेना, आणि नंतर विचारलं तर तिलाही सांगता आलं नाही.

"मग? बसलं का माप?" भाच्याने विचारलं.

"खोटं कशाला बोलू? वाईट वाटलं," आत्या म्हणाली. "पहिले दोन दिवस तर कुणी घरातलं गेल्यासारखं वाटत होतं. दुपार कधी झाली तेच कळायचं नाही. काळ्यावर काळा टाका दिव्यात दिसत नाही, तो सकाळीच घालावा लागेल. पण बाकी सगळं होतंय. कोट झाला, दोन फ्रॉक झाले. उन्हाने कापड विटायचं, ते आता विटणार नाही. थोडं ओढतंय, पण अंगाला बसतंय."

"पण आत्या, तिथे चिठ्ठ्या काढणार आहेत," सूनबाई हळूच म्हणाली. "आमचं नाव लागेलच असं नाही. तुमचा उजेड जायचा आणि घर तिसऱ्याच कुणाला मिळायचं."

आत्याने हा विचार केला नव्हता असं नाही. आठवडाभर अंधारात बसून तिने दुसरं काय केलं होतं? "तिसरं कुणी म्हणजेही कुणीतरीच ना गं," ती म्हणाली. "त्यांच्याकडेही कपाट आडवं लावलेलं असेल."

संध्याकाळी शाळेचं सभागृह भरून गेलं. बाकं लहान मुलांची होती, त्यामुळे गल्लीतली सगळी वयस्क मंडळी गुडघे छातीशी घेऊन बसली होती. समोर नगरपालिकेचे अधिकारी होते, संस्थेची एक तरुण बाई होती, आणि भिंतीवर इमारतीचं चित्र. चित्रातली झाडं फारच हिरवी होती, त्यावर मागून कुणीतरी टोमणा मारला.

घड्याळजी बोलायला उभे राहिले. ते वाईट बोलले नाहीत. माणूस सरळ होता. त्यांनी वाहनांच्या गर्दीबद्दल सांगितलं, पाण्याच्या दाबाबद्दल सांगितलं, आणि म्हणाले की या गल्लीला एक चेहरा आहे, तो आम्ही जन्मभर सांभाळलाय. मग त्यांनी मागे हात केला. "आणि जिच्या एका खिडकीवरच्या काळ्या कापडाने आम्हाला जागं केलं, ती आता बोलेल."

टाळ्या वाजल्या. भाऊ शेजारी बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. आत्या उठली. गळ्यात टेप होता, तो काढून ठेवायचं राहूनच गेलं होतं, आणि आता दोन्ही हातांनी तिने त्याचीच टोकं धरली.

आधी तिने अस्तराचं खरं काय ते सांगितलं. हशा पिकला, तरी सगळेच हसले नाहीत. बेकरीवाला म्हणाला की मग माझ्या खिडकीचं काय करू. अधिकाऱ्यांनी शांत राहायला सांगितलं.

"मला भाषण येत नाही," आत्या म्हणाली. "मला मापं येतात. तुम्हा सगळ्यांची मापं माझ्याकडे आहेत, काळजी करू नका, सांगत नाही." पुन्हा हशा. "पण एक सांगते. या गल्लीतल्या शाळकरी पोराचा गणवेश शिवून मला किती वर्षं झाली ते आठवत नाही. हल्ली येतं ते सगळं कमरेत सैल करायचं आणि उंचीला आखूड करायचं. आपण म्हातारे होतोय आणि मागे कुणी येत नाहीये, कारण यायला जागाच नाही. माझा भाचा या रस्त्यावर बस चालवतो. त्याच्या बायकोने तुमच्यातल्या कितीजणांना सलाईन लावलंय. त्यांना राहायला इथे घर नाही. घरं बांधलीच नाहीत तर ती येणार कुठून? आणि आहेत तेवढ्यावरच सगळ्यांच्या उड्या पडल्या तर भाडं चढणार नाही तर काय होईल?"

 तिने घड्याळजींकडे पाहिलं.

"मी परकर घालायचे तेव्हा बाबांनी आमचं घर बांधायला घेतलं. तेव्हाही अशीच सभा भरली होती, याच सभागृहात. शिंप्याचं घर नको, दिवसरात्र मशीनची खडखड होईल, असं सगळे म्हणत होते. मी बाबांचं बोट धरून मागे उभी होते. तेव्हा घड्याळजींच्या आई, आमच्या काकू, उठल्या. आमच्या घरामुळे सकाळचं ऊन जाणार होतं ते एकट्या त्यांचं. खिडकीत त्यांच्या फुलांच्या कुंड्या असायच्या. त्या म्हणाल्या, ऊन माझं जाणार आहे, तर आधी मला बोलू द्या. येऊ द्या त्यांना. बस, एवढंच म्हणाल्या आणि बसल्या."

घड्याळजींनी चष्मा काढला होता.

"घर झालं. पहिल्या दिवशी दुकान उघडलं तर गिऱ्हाईक कुणी नाही. बाबा रिकाम्या टेबलावर हात फिरवत बसलेले. तेवढ्यात काकू काखेत कापड घेऊन आल्या. म्हणाल्या, घर तुमचं आलं आणि पडदे मला लागले, तेव्हा शिवायचे तुम्हीच. ते आमचं पहिलं काम. त्यांच्या कुंड्या गच्चीवर चढवायला मी मदत केली. वर फुलं आधीपेक्षा जास्त आली असं त्या म्हणायच्या. ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला माहीत नाही." ती थांबली. "मी जे काही शिवलं, ज्यांना वाढवलं, ते सगळं त्यांच्या त्या एका उठण्यावर उभं आहे. त्यांना सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे सांगते. आता ऊन माझं जाणार आहे. तर आधी मला बोलू द्या. येऊ द्या त्यांना."

ती बसली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. अधिकाऱ्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की निर्णय नंतर कळवण्यात येईल. अजून कुणाचा विरोध असेल तर आता बोलावं, असंही ते म्हणाले. बाकं करकरली, पण कुणी उठलं नाही. घड्याळजीही उठले नाहीत.

घरी परतताना भाऊ आत्याच्या बरोबरीने चालत होता.  तो म्हणाला, "मी विचारायला हवं होतं."

"हो," आत्या म्हणाली. "पण माझ्यासाठी गल्ली उठवलीस ते बरं वाटलं रे मला." आणि तिने त्याचा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

पुढे भाचा आणि सूनबाई बसस्टॉपवर थांबली होती. ती भांडतायत की काय, म्हणून वहिनीचा जीव खालीवर झाला. पण भाचा वळून म्हणाला, "उद्या डेपोत नाही म्हणून कळवतो. चिठ्ठ्या निघेपर्यंत तरी थांबतो. कपाट काय, आहेच."  वहिनी सूनबाईजवळ गेली आणि तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याने खिडकीवरचं अस्तर काढलं. जोवर आहे तोवर ऊन कशाला सोडा, असा तिचा सरळ हिशेब होता. ऊन टेबलभर पसरलं, आणि आठवडाभराने भेटलेल्या माणसाकडे बघावं तशी ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. समोरच्या खिडक्यांवरूनही एकेक काळं उतरत होतं, पण सगळं नाही. बेकरीवाल्याचं अजून होतं.

दार वाजलं. घड्याळजी उभे होते. काखेत काळ्या अस्तराची घडी आणि खाली एक जुनं, पिवळं पडलेलं, धुऊन धुऊन विरलेलं कापड. आत्याने ते दुरूनच ओळखलं. त्या किनारीची शिवण वडिलांची होती.

"आईचे पडदे," ते म्हणाले. "मी कधी बदललेच नाहीत. आता फाटायला आलेत." ते आत आले, दोन्ही कापडं त्यांनी उन्हात टेबलावर ठेवली आणि अस्तराच्या घडीवरून उगाचच हात फिरवला. "नवे शिवून द्या. हे काळं आतून लावा, वाया नको जायला. समोर इतकी माणसं राहायला येणार म्हटल्यावर लागतीलच."

 आत्याने गळ्यातला टेप काढला, कापडावर धरला, पण त्यावरचे आकडे काही केल्या दिसेनात, एवढ्या लख्ख उजेडातसुद्धा.

"आत्या, द्या, मी वाचते," मागून वहिनी म्हणाली, आणि तिने टेपचं दुसरं टोक धरलं.